तेरा साते एक्याण्णव – दुखण्याच्या दिवसांतले बारीकसारीक आनंद (अनुभव धागा)

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. तिला सगळं समजायचं, पण 'पाणी' म्हणायला गेली की तोंडून भलतंच काहीतरी निघायचं. मग चिडून भिंतीकडे तोंड फिरवायची. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. आमच्याकडे रात्री दोनचा गजर अजून वाजतो.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की आकडे, श्लोक, गाणी, म्हणजे आपण विचार न करता घडाघडा म्हणतो ते, अशा पेशंटमध्ये कित्येकदा शाबूत राहतं. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. एका रात्री चादर ओढता ओढता मी बेचा पाढा सुरू केला. 'बे त्रिक'ला आई मिसळली. पुढे तिनेच ओढत नेलं. तेरावर आल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "तेरा साते ब्याण्णव." तिने डावा हात गादीवर आपटला आणि ओरडली, "एक्याण्णव!"

सव्वादोन वाजता आम्ही दोघी हसत होतो. तेव्हापासून मी रोज एक चूक करते. मुद्दाम करते हे तिला कळलंय, तरी रागावते.

तर घरचं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना, किंवा दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना असं काही तुमच्या वाट्याला आलं असेल, तर लिहा. 'सकारात्मक राहा' छापाचे उपदेश कृपया नकोत. ते आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ढिगाने पडलेत.

डोंबिवलीची सून

सासरे डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून. तहानेने जीव कासावीस झाला की मी बर्फाचा एक खडा देते. तो ते पाच मिनिटं गालात धरतात, लहान मुलाने लिमलेटची गोळी धरावी तसा. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. चव काय राहणार? "सूनबाई, ही दुधी आहे की बटाटा?" असं विचारतात, आणि ते टोमणा म्हणून नसतं.

खरा प्रश्न मे महिन्यात आला. सासरे देवगडचे. आंबा बंद. पेटी आली की आम्ही त्यांच्यासमोर उघडायचो नाही, पण वास काय लपतो का! शेवटी आहारतज्ज्ञ बाईंना त्यांचे रिपोर्ट दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात दोन फोडी द्या, जास्त नाही. (हे त्यांच्यापुरतं. तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.) डब्यात दोन फोडी घेऊन गेले. एका हातात सुया, म्हणून दुसऱ्या हाताने खाल्ल्या. साल दातांनी अशी साफ केली की शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "अहो, आता ती धुवायलाही नको."

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार सासरेच आधी तयार होऊन बसतात. सीझन संपल्यावर काय, ते तेव्हा बघू.

अनामिक

दवाखान्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची परवानगी मिळाली, तो दिवस.

सांगलीवाडीचा

वडिलांचा अपघात झाला, मिरजेला ऍडमिट. आयसीयूत सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं सोडायचे. मधला आख्खा दिवस काय करायचा? बाकड्यावर बसून बसून पाठीचा भुगा. तिसऱ्या दिवशी चालत चालत सतारमेकर गल्लीत पोचलो. सांगलीत जन्म गेला, पण तिकडं कधी वाकडी वाट केली नव्हती.

एका दुकानात वयस्कर माणूस तंबोऱ्याची जवारी काढत बसला होता. तारांखालची घोडी कानशीनं जरा घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी उंबऱ्यावर बसलो. त्यानं काय विचारलं नाही, मी काय सांगितलं नाही. वर आढ्याला भोपळे टांगलेले, ते पंढरपूरकडून येतात म्हणे. दुपारभर तोच उद्योग, आणि मधेच कधीतरी त्या तारेचा आवाज बदलला. आधी नुसता टणटण होता, आता गुंजायला लागला. तो म्हातारा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "आली."

वडील एकोणीस दिवस होते. मी रोज जायचो. ते घरी आले, पण काठी घेऊन चालतात आणि त्यांना गाण्यात काडीचा रस नाही, त्यामुळं ही गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही.

वडा

मला हा धागा वाचून थोडा रागच आला, खरं सांगते. माझे वडील व्हेंटिलेटरवर असताना मी स्टेशनबाहेर उभी राहून दोन बटाटेवडे खाल्ले. गरम होते, तिखट चटणी होती, पाऊस होता. इतके छान लागले की तिसरा घेतला. त्याच रात्री बाबा गेले. त्याला आनंद म्हणू? सहा वर्षं झाली, मी वडा खाऊ शकत नाही.

धागाकर्ती

वडा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. तिसरा वडा मीही घेतला असता. यापुढे काय बोलावं ते मला सुचत नाही.

लीड्सहून

2021 चा एप्रिल. ब्रिटनने भारताला प्रवास-निर्बंधांच्या लाल यादीत टाकलं, मी इथे दोन लहान पोरांसह अडकलेलो, आणि बाबा नाशिकला ऑक्सिजनवर. वॉर्डातले एक ब्रदर ड्युटी संपताना स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. तिकडे सकाळचे आठ, इकडे साडेतीन. बाबा नुसते बघायचे. एक शब्द बोलले की धाप.

अठराव्या दिवशी फोन लागल्या लागल्या म्हणाले, "एवढ्या रात्री जागतोस कशाला? उद्या ऑफिस नाही का? आणि दाढी कर, भिकाऱ्यासारखा दिसतोस." तीन वाक्यं, मध्ये न थांबता. मी बायकोला उठवलं, म्हटलं, बाबा ओरडले! तिला वाटलं काहीतरी वाईट झालं.

जावळ

केमो संपल्यावर डोक्यावर जी लव येते ती अगदी तान्ह्या बाळासारखी मऊ असते. माझी नात तेव्हा सात महिन्यांची. दोघींचे केस एकदमच वाढत होते. तिचं जावळ काढलं, माझं ठेवलं.

यवतमाळ जिल्हा

मी लेयन्यात कच्चा हाव, समजून घेजा. बायकोले तोंडाचा कॅन्सर निंगाला. टाटा हास्पिटलात शेक, म्हंजे रेडिएशन, चालू होता, दादरले गाडगे महाराजाच्या धर्मशायेत जागा भेटली. शेक सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. असे सहा हप्ते. इकडे कापूस फुटला होता अन् वेचाले घरी कोनी नाही. मले झोप येत नव्हती. तिचं बोलनं बी बंद झालं होतं, तोंड आतून सोललं होतं. पातय खिचडी बी गिळवे नाही.

एका रविवारी बाजूच्या खोलीतले सोलापूरकडचे भाऊ म्हने, चला, समुद्र पाहू. आमी दोघंबी कधी पाह्यला नव्हता. दादरच्या चौपाटीवर गेलो. लय घान होती तिथं, पन पानी दिसे तिथलोक पानीच. बायको पाय बुडवून उभी राह्यली, लुगडं गुडघ्यालोक ओलं. बराच येळ काई बोलली नाही. मंग माह्याकडे पाहून तसल्या सोललेल्या तोंडानं म्हने, "एवढं पानी हाय, अन् आपल्या वावरात एक ओलीत होत नाही."

मी म्हनलं, खारं हाय ते. तिनं वाकून बोट बुडवलं, चाखाले गेली, अन् मी हात धरला. तोंडाले झोंबलं असतं नं. मंग मीच चाखलं. थू थू करून थुकलो त लय हासली.