जिन्यातले दिवे: 12 वॅट की 9?

सेक्रेटरी: जिन्यातले 40 बल्ब बदलायचेत. तपकीर गल्लीतून एलईडीचे दोन नमुने आणलेत. एक 12 वॅट, खोक्यावर 'जुन्या 100 वॅटइतका प्रकाश'. दुसरा 9 वॅट, नगामागे 25 रुपये महाग. स्वस्तातला घेऊ?

ए-102: 12 चाच घ्या. जास्त वॅट, जास्त उजेड. चर्चा कशाला?

सी-401: काका, ते पिवळ्या बल्बच्या काळात. आता वॅट म्हणजे मीटर किती पळणार ते. उजेड लुमेनमध्ये बघायचा. सेक्रेटरी, खोक्यावरचे लुमेन टाका ना.

सेक्रेटरी: 12 वॅट: 1020. 9 वॅट: 990.

सी-401: म्हणजे पहिला वॅटमागे 85, दुसरा 110. वरच्या 30 लुमेनचा फरक डोळ्याला कळणारही नाही. जुना 100 वॅटचा बल्ब 1300 च्या आसपास द्यायचा, त्यामुळे ती '100 वॅटइतका'ची बढाई त्याच खोक्यावर खोटी पडते! रात्री 12 तास धरा. 40 बल्बांना 3-3 वॅट जादा, रोज 1.44 युनिट, वर्षाला सव्वापाचशे. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच हजारांवर. आणि वाचवतोय एकदाच हजार.

बी-203: पण मी मोबाइलच्या ॲपवर मोजलं. 12 वाला बराच जास्त लक्स दाखवतो.

सी-401: ताई, लक्स म्हणजे त्या जागेवर पडलेला उजेड. मोबाइल वीतभर सरकवला तरी आकडा बदलतो. दोन्ही एकाच होल्डरला लावून, मोबाइल जमिनीवर ठेवून बघा. रंगही सारखा हवा. 6500 केल्विनचा पांढरा डोळ्याला उगाच जास्त वाटतो.

ए-102: पांढरा नकोच. ऑपरेशन थिएटर वाटतं. आणि खोक्यावर लिहितात ते 25,000 तास आयुष्य? मागचे दोन वर्षांत गेले की!

सी-401: ते तास आतल्या एलईडीचे, काका. आधी जातो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज जुळवून देणारं सर्किट, उष्णतेने. आपले बल्ब बंद काचेच्या डोममध्ये कोंडलेत, हवाच नाही. 9 वॅटचा निदान कमी तापेल.

बी-203: बीईईचे, म्हणजे सरकारच्या वीजबचत संस्थेचे, स्टार कोणावर किती?

सेक्रेटरी: 9 वर लेबल आहे, स्टार बघून सांगतो. 12 वर सापडत नाही.

सी-401: एलईडी बल्बना ते 2018 पासून सक्तीचं आहे. लेबल नसेल तर नकोच तो.

सेक्रेटरी: ठीक. 9 वॅट, 3000 केल्विनचा पिवळसर, पक्क्या बिलावर, वॉरंटी लिहून. डोमचं इलेक्ट्रिशियनला विचारतो.

ए-102: बिल ग्रुपवर टाका.