मॉरिशस श्रीमंत झाला की त्याने वावर विकून दिवाळी केली?

कोनाडा (धागाकर्ता):
‘मॉरिशसकडून शिका’ या कालच्या लेखात वहिवाट यांनी असे लिहिले की, जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या या बेटाचे दरडोई उत्पन्न भारताच्या चौपटीहून अधिक आहे आणि म्हणून तो देश श्रीमंत झाला. त्याखालच्या टाळ्या वाचून राहवले नाही. वावर विकून आलेल्या पैशात दिवाळी जोरात होते, पण सातबाऱ्यावरचे नाव जाते, एवढे तरी आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागू नये. मॉरिशसने 2002पासून परदेशी धनिकांना समुद्रकाठचे बंगले विकायला काढले. तो पैसा परकी गुंतवणूक म्हणून मिरवला जातो, आणि त्यापायी हातची गेलेली जमीन मात्र वार्षिक उत्पन्नाच्या आकड्यात कुठेच वजा होत नाही. जुलै 2020मध्ये जागतिक बँकेने या देशाला उच्च उत्पन्न गटात बसवले आणि वर्षभरात पुन्हा खाली उतरवले, कारण कोविडमध्ये विमाने थांबताच उत्पादन सुमारे 15 टक्क्यांनी कोसळले होते. 1982च्या भारत-मॉरिशस करकरारामुळे नफ्यावरचा कर वाचत असे, म्हणून मुंबईच्या शेअर बाजारात येणारा बराचसा परदेशी पैसा मॉरिशसच्या राजधानीचा, पोर्ट लुईचा, शिक्का मारून येत असे. 2016च्या दुरुस्तीने ती वाटही अरुंद झाली. ती संपत्ती होती की नुसती टपालपेटी?

वहिवाट:
ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या 1961च्या अहवालाने एकाच पिकावर जगणाऱ्या आणि लोकसंख्येने फुगत चाललेल्या या बेटाचे भवितव्य काळेकुट्ट रंगवले होते. मीड यांना पुढे नोबेल मिळाले, बेटाने मात्र त्यांचे भाकीत खोटे ठरवले. 1977पासून तिथे माध्यमिक शिक्षण मोफत आहे. शिकलेली माणसे तुमच्या हिशेबात संपत्ती नसतील, तर तुमचा हिशेब तलाठ्याच्या दप्तरापुरताच आहे असे नाइलाजाने म्हणावे लागेल.

उसाचा फड:
मोफत शिक्षणाला पैसा कुठून आला, तेही लिहा की. 1975च्या साखर करारानुसार युरोप त्यांची दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेत असे, आणि तो भाव कित्येक वर्षे जागतिक बाजाराच्या दुप्पट-तिपटीवर होता. माझ्या वडिलांच्या उसाचे बिल आमच्या कारखान्याने चौदा महिने थकवले होते. बहिणीच्या लग्नाचा मांडव उसनवारीवर उभा राहिला. आम्हाला तो भाव आणि ती हमी मिळाली असती, तर सांगलीवरही असेच कौतुकाचे लेख आले असते.

वहिवाट:
विषय मॉरिशसचा आहे, तुमच्या मांडवाचा नाही. तरीही सांगतो. 2006 ते 2009 या काळात युरोपने तो भाव 36 टक्क्यांनी उतरवला, तेव्हा मॉरिशसवाल्यांनी गळा काढला नाही, तर कारखाने एकत्र केले आणि चिपाडापासून वीज काढली. एकोणिसाव्या शतकात अडीचशेच्या वर असलेले कारखाने आज तीन आहेत. आपल्याकडे तोट्यातला एक कारखाना बंद करा म्हणून पाहा, कोण कोण अंगावर येते ते.

उसाचा फड:
मी येतो! तिथले मोठे मळे पिढ्यान्‌पिढ्या मूठभर घराण्यांच्या हाती राहिले. आमचे कारखाने लुटले गेले असतील, पण कागदावर तरी सभासदांचे आहेत. जवळचा कारखाना बंद झाल्यावर तोडलेला ऊस तुमच्या बाल्कनीत गाळायचा काय? चिपाडाची वीज आम्हीही काढतो; तिचे पैसे कुठे जातात, ते विचारायची सोय नाही.

लोकरीचा धागा:
साखरेतून बाहेर या. मी इचलकरंजीचा, 1998 ते 2004 मॉरिशसमधल्या एका स्वेटरच्या कारखान्यात होतो. बेटावर मेंढपाळी नावालाही नाही, पण लोकरीचे स्वेटर जगभर जात होते. 2005च्या आरंभी कापड व्यापारात प्रत्येक देशाला निर्यातीचा वाटा ठरवून देणारी कोटापद्धत संपली, पण आमचे मालक त्याआधीच यंत्रे गुंडाळून गेले. गळपट्टीचा एक टाका चुकला तर लांबून ओळखणारी आमची मुकादमबाई पुढे बसथांब्यावर काचेच्या पेटीतून दालपुरी विकत असे. वहिवाट, तिच्या बोटांतले ते कसब तुमच्या ‘शिकलेल्या माणसांच्या’ खात्यात जमा धरायचे की बुडीत?

वाक्वाकर:
माझे पणजोबा रत्नागिरीकडून मॉरिशसच्या या मळ्यांत आले. घरात आम्ही क्रेओल ही इथली फ्रेंच वळणाची बोली बोलतो, मराठी शाळेत शिकले, तेव्हा चुका सांभाळून घ्याव्यात. साठी गाठलेल्या प्रत्येकाला इथे सरकारी पेन्शन मिळे. माझ्या आजीने त्यावर घराचे छप्पर सिमेंटचे केले. 2025च्या अर्थसंकल्पाने वयाची अट टप्प्याटप्प्याने 65वर न्यायचे ठरवले आणि आता माझी आई वर्षे मोजते आहे. देश गरीब नाही, हे खरे. पण तामारँच्या किनाऱ्यालगत घर घेणे माझ्या शिक्षिकेच्या पगारात बसत नाही, हेही खरे.

कोनाडा:
शिक्षणाचा मुद्दा मान्य करतो. वहिवाट यांनी तो चौकटीत लावून ठेवावा. पण त्या शिकलेल्या शिक्षिकेलाच आपल्या किनाऱ्यावर घर परवडत नाही, याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तराबाहेरचे असेल तर तेही लिहावे.

वहिवाट:
घरे पुण्यातही परवडत नाहीत. म्हणून पुणे गरीब ठरते काय?

उसाचा फड:
वाक्वाकर ताई, या दोघांचे चालू द्या. तिथे लहान शेतकऱ्याला उसाचे पैसे किती दिवसांत मिळतात, एवढे विचारून सांगाल का?