एकाच नावाच्या अनेक नोंदी: सामान्यज्ञानकोशात त्या कशा मांडाव्यात?

सूचीकार (प्रश्न)

विद्यार्थ्यांसाठी एक छोटेखानी सामान्यज्ञानकोश तयार करण्याचे काम आम्ही काही जण मिळून करत आहोत आणि त्याची अकारविल्हे सूची लावण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. नोंदी लिहून होईपर्यंत जी अडचण जाणवली नव्हती, ती सूची लावताना ठळकपणे पुढे आली आहे. 'व्हिक्टोरिया' या एकाच शीर्षशब्दावर आफ्रिकेतील सरोवर, झांबेझी नदीवरील धबधबा, ऑस्ट्रेलियातील राज्य, सेशेल्सची राजधानी, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी, प्रचंड पानांच्या कमळासारख्या वनस्पतीची प्रजाती आणि एक लघुग्रह असे सगळे हक्क सांगत आहेत. जॉर्जिया, काँगो, त्रिपोली, पोर्टलंड, पॅरिस, जावा या शीर्षशब्दांचीही तीच गत आहे.

यातले कोणते कंसाशिवाय, नुसत्या नावाने द्यावे आणि कोणत्यापुढे कंसात खुलासा करावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकाच नावाच्या या गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे की केवळ योगायोग आहे, हे वाचकाला सांगणे सूचीच्या कक्षेत येते का? नुसती यादी दिली तर विद्यार्थी त्या सर्वांना एकाच माळेचे मणी समजतील, अशी मला भीती वाटते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांचा एखाद्या शाखेतील नामकरणाशी संबंध आला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भूगोल-अभ्यासक

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे निम्मे काम होते. नावे सारखी होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि आपण दिलेल्या उदाहरणांतच ती जवळजवळ सगळी सापडतात.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत बहुतेक नावे एकाच राणीवरून, ब्रिटनच्या व्हिक्टोरिया राणीवरून, आली आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया 1851 मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली, आफ्रिकेत फिरलेले ब्रिटिश प्रवासी लिव्हिंगस्टन यांनी धबधब्याला हे नाव 1855 मध्ये दिले आणि दुसरे ब्रिटिश प्रवासी स्पीक यांनी सरोवराला 1858 मध्ये. येथे संबंध खरा आहे, आणि तो सांगितल्यास एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सत्तेचा विस्तार कुठवर गेला होता हेही विद्यार्थ्याला नकाशावर दिसते. मात्र मॅगेलनच्या ताफ्यातील जे एकमेव जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून 1522 मध्ये स्पेनला परतले, त्याचेही नाव 'व्हिक्टोरिया' हेच होते आणि राणीचा जन्म तर 1819 चा. हे जहाज आपल्या कोशात असेल तर त्याला राणीच्या परिवारात बसवू नये.

जॉर्जिया हे याच्या उलट उदाहरण आहे. अमेरिकेतील जॉर्जियाचे नाव इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजावरून आले, तर दक्षिण अटलांटिक महासागरातील साउथ जॉर्जिया बेटाला कॅप्टन कुक यांनी 1775 मध्ये तिसऱ्या जॉर्जचे नाव दिले. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील जॉर्जिया या देशाचा या दोन्ही राजांशी काडीचाही संबंध नाही. ते नाव बाहेरच्यांनी दिलेले असून तेथील लोक स्वतःच्या देशाला साकार्तव्हेलो म्हणतात. येथे 'नामसाम्य योगायोगाचे आहे' हे स्पष्ट लिहिणे मला अत्यावश्यक वाटते.

तिसरा प्रकार त्रिपोलीचा. लिबियाची राजधानी आणि लेबनॉनमधील शहर ही दोन्ही नावे 'तीन नगरे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली, पण तीन-तीन नगरांचे हे समूह वेगळे होते. म्हणजे शब्द एक असला तरी एका शहराने दुसऱ्याचे नाव घेतलेले नाही. ब्रिटनमध्ये एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत, त्यांचेही असेच आहे. जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'नदी' असा होतो.

पोर्टलंडमध्ये मात्र साखळी दिसते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेट तेथील इमारती दगडासाठी प्रसिद्ध आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी 1824 मध्ये ज्या सिमेंटचे पेटंट घेतले, ते घट्ट झाल्यावर त्या दगडासारखे दिसते म्हणून त्यांनी त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटले. अमेरिकेच्या मेन राज्यातील शहराचे नाव त्याच बेटावरून पडले, आणि ओरेगन राज्यातील शहराचे नाव मेनमधील शहरावरून. ओरेगनमधील वसाहतीच्या दोन मालकांपैकी एक बॉस्टनचा आणि दुसरा मेनमधील पोर्टलंडचा होता. आपापल्या गावाचे नाव देण्यावरून त्यांचे एकमत होईना, तेव्हा 1845 मध्ये त्यांनी नाणे उडवून निर्णय केला. अशा साखळीत क्रम महत्त्वाचा असतो, म्हणून तेथे अकारविल्हे क्रमाऐवजी बेट, सिमेंट, मेन, ओरेगन या क्रमाने एक-दोन वाक्ये द्यावीत.

कंसातील खुलाशाबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. स्थलांतरित लोक केवळ एक नाव नेत नाहीत, कधीकधी ते नावांचे अख्खे कुटुंब सोबत नेतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात लंडन नावाचे शहर आहे आणि ते ज्या नदीकाठी वसले आहे तिचेही नाव थेम्स आहे. त्यामुळे 'लंडन (थेम्सकाठचे शहर)' असा खुलासा वरवर पुरेसा वाटला तरी तो दोन्ही शहरांना तंतोतंत लागू पडतो. खुलासा देश किंवा प्रांताचाच असावा.

वनस्पती-अभ्यासक

भूगोलात नामसाम्य टाळण्याचा कोणताही जागतिक नियम नाही. जीवशास्त्रात तसा नियम आहे, आणि त्याला एक मोठी फट आहे. आपल्या कोशात प्राणी-वनस्पती असतीलच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शास्त्रीय नामकरणात वनस्पतींसाठी स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसचा 1753 चा आणि प्राण्यांसाठी 1758 चा ग्रंथ आरंभबिंदू मानतात. प्राण्यांच्या दोन प्रजातींना (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत 'जीनस') एकच नाव चालत नाही. जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते टिकते आणि नंतरचे बदलावे लागते. या नियमाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बदकासारखी चोच असलेला ऑस्ट्रेलियातील सस्तन प्राणी प्लॅटिपस. जॉर्ज शॉ यांनी 1799 मध्ये त्याच्या प्रजातीला 'प्लॅटिपस' हे नाव दिले, पण ते नाव त्यापूर्वीच, 1793 मध्ये, एका भुंग्याच्या प्रजातीला दिले गेले होते. त्यामुळे या प्राण्याचे शास्त्रीय नाव 'ऑर्निथोरिंकस' झाले, तरी सर्वसामान्यांच्या तोंडी प्लॅटिपस हेच नाव राहिले. आज प्लॅटिपस या शब्दाने लोक सस्तन प्राणी समजतात आणि कीटकशास्त्रज्ञाच्या यादीत मात्र तो भुंगा असतो. एकिडनाचे असेच झाले: ते नाव मोरे ईल गटातील माशांच्या एका प्रजातीने आधीच व्यापलेले होते, म्हणून या काटेरी प्राण्याची प्रजाती 'टॅकिग्लॉसस' ठरली.

आता ती फट. प्राण्यांची आणि वनस्पतींची नियमावली स्वतंत्र असल्यामुळे एक प्राणी आणि एक वनस्पती यांच्या प्रजातीचे नाव एकच असण्यास कोणतीही आडकाठी नाही. 'मोरस' ही तुतीची प्रजाती आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांचीही आहे. 'पिएरिस' हे कोबीवर अंडी घालणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांच्या प्रजातीचे नाव आहे आणि शोभेच्या झुडपांच्या एका प्रजातीचेही. 'प्रुनेला' हे एका औषधी वनस्पतीचे नाव आहे आणि चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या एका प्रजातीचेही. शास्त्रीय नाव दिले की गोंधळ संपला, असे गृहीत धरून चालणाऱ्या संपादकाला ही नावे हमखास चकवतात. म्हणून प्रजातीच्या नावापुढे कंसात 'वनस्पती', 'पक्षी' किंवा 'फुलपाखरू' असा गट लिहावाच. जातीचे पूर्ण द्विपदी नाव दिले तर ही अडचण सहसा राहत नाही.

लोकव्यवहारातील नावे तर नियमांना मुळीच बांधलेली नसतात. युरोपातील रॉबिन हा लहानसा पक्षी आहे. अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांना तेथे लालसर छातीचा पक्षी दिसला आणि त्यांनी त्यालाही रॉबिन म्हटले, पण हा अमेरिकी रॉबिन कस्तुर पक्ष्यांच्या कुळातला असून आकारानेही बराच मोठा आहे. येथे साम्य केवळ छातीच्या रंगाचे आहे. 'रॉबिन' या एका नोंदीत दोघांची माहिती एकत्र केली तर ती दोघांच्याही बाबतीत चुकेल.

सूचीकार

दोघांचेही मनापासून आभार. संबंध सांगणारे एखादे वाक्य प्रत्येक नामसाम्याच्या ठिकाणी घालण्याचे आता निश्चित करतो. पहिला प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. पॅरिस म्हटल्यावर बहुतेकांना फ्रान्सची राजधानीच अपेक्षित असते. मग टेक्सासमधील पॅरिस आणि ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यांच्या शेजारी तिलाही कंस लावणे अतिरेकी ठरणार नाही का?

ग्रंथपाल

ठरेल, असे माझे मत आहे. ज्या नावाने वाचकांपैकी बहुसंख्यांच्या मनात एकच गोष्ट उभी राहते, तेथे ती नोंद नुसत्या नावाने द्यावी आणि तिच्या आरंभी 'या नावाच्या इतर नोंदी' म्हणून एक ओळ द्यावी. पॅरिस आणि लंडन यांना हे लागू पडते. जेथे असे एकमत नाही, तेथे नुसत्या नावाची नोंद लेखासाठी वापरू नये. तिचा उपयोग फक्त पुढील नोंदींकडे बोट दाखवण्यासाठी करावा. जॉर्जिया आणि काँगो ही दोन्ही नावे मी निःसंशय या दुसऱ्या गटात घालीन.

काँगोबाबत थोडे अधिक. त्या नावाचे दोन देश एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत आणि त्यांच्या राजधान्या, ब्राझाव्हिल व किन्शासा, समोरासमोर वसल्या आहेत. एकाचे अधिकृत नाव 'काँगोचे प्रजासत्ताक' आणि दुसऱ्याचे 'काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक' असे असल्याने घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात फरक राहत नाही. शिवाय यातील दुसरा देश 1971 ते 1997 या काळात झाईर या नावाने ओळखला जात होता. म्हणून 'काँगो (ब्राझाव्हिल)' आणि 'काँगो (किन्शासा)' अशी राजधानीनिशी ओळख द्यावी आणि 'झाईर' या शब्दाखाली किन्शासाच्या नोंदीकडे निर्देश करावा. गिनी, गिनी-बिसाऊ, विषुववृत्तीय गिनी आणि पापुआ न्यू गिनी यांची अधिकृत नावेच वेगळी असल्याने तेथे कंसाची गरज नाही. 'गिनी' या नोंदीच्या आरंभी बाकीच्या तिघांचा उल्लेख पुरेसा आहे.

नाव वेगळे पण विशेषण एकच, असाही प्रकार असतो आणि तो सूचीत हमखास निसटतो. डॉमिनिका हा बेटावरील देश आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन स्वतंत्र देश आहेत, पण 'डॉमिनिकन' हे विशेषण दोघांच्याही नागरिकांना लावले जाते. नायजर आणि नायजेरिया यांची नावे तर एकाच नदीवरून आली आहेत. अशा जोड्यांना परस्परनिर्देश द्यावेत.

गॅलन, टन, मैल यांसारख्या परिमाणांसाठी मात्र वेगवेगळ्या नोंदी करू नयेत. ब्रिटिश गॅलन सुमारे 4.546 लिटरचा आणि अमेरिकी गॅलन सुमारे 3.785 लिटरचा असतो, हे एकाच नोंदीत शेजारी-शेजारी लिहिले तरच त्याचा उपयोग होतो.

भूगोल-अभ्यासक

ग्रंथपालांच्या बहुतेक सूचना मला मान्य आहेत, पण 'बहुसंख्यांना जे अपेक्षित' या कसोटीबद्दल माझा मतभेद नोंदवतो. ही अपेक्षा स्थिर नसते. 'जावा' म्हटले की पूर्वी इंडोनेशियातील बेटच डोळ्यांसमोर येत असे; 1995 मध्ये त्या नावाची संगणकभाषा आली आणि आज विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या वर्गाला आधी तीच आठवते. 'अ‍ॅमेझॉन' या नावाखाली नदी शोधणारे अधिक की कंपनी शोधणारे, हे कोण ठरवणार? छापील कोश अनेक वर्षे वापरात राहतो, म्हणून पॅरिस-लंडनसारखे निर्विवाद अपवाद सोडले तर कंस सर्वांनाच लावावा, असे मला वाटते.

याच संदर्भात 'पायथॉन'कडेही लक्ष द्यावे. ही संगणकभाषा अजगराच्या नावाने ओळखली जाते असा सार्वत्रिक समज आहे, परंतु तिचे नाव मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी नटसंचावरून ठेवलेले आहे. संबंध सांगणारे वाक्य अंदाजाने लिहू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आकाशनिरीक्षक

आपल्या यादीतील लघुग्रहाविषयी लिहितो, कारण खगोलशास्त्राने या प्रश्नावर क्रमांकाचा अगदी सरळ उपाय शोधला आहे. कक्षा निश्चित झाल्यावर लघुग्रहाला क्रमांक मिळतो आणि तो नावाच्या आधी लिहितात. युरोपा हा गुरूचा उपग्रह आहे आणि 52 युरोपा हा लघुग्रह आहे. पँडोरा हा शनीचा उपग्रह आहे आणि 55 पँडोरा हा लघुग्रह आहे. आता नव्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा नियम असा आहे की नाव आधीच्या लघुग्रहाच्या किंवा उपग्रहाच्या नावाशी फार मिळतेजुळते नसावे, पण ही जुनी नावे तशीच राहिली आहेत.

12 व्हिक्टोरियाची नोंद लिहिताना तिच्या नावावरून झालेला वाद अवश्य नमूद करावा. जॉन रसेल हाइंड यांनी हा लघुग्रह 1850 मध्ये शोधला. त्या काळी लघुग्रहांना पुराणकथांतील नावे देण्याची प्रथा होती, त्यामुळे हयात राणीचे नाव काही खगोलशास्त्रज्ञांना, विशेषतः अमेरिकेतील, रुचले नाही आणि त्यांनी 'क्लिओ' हे पर्यायी नाव वापरले. शेवटी व्हिक्टोरिया हे विजयाच्या रोमन देवतेचेही नाव आहे, या आधारावर ते टिकले, आणि क्लिओ हे नाव पुढे 84 क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळाले. म्हणजे भूगोल-अभ्यासकांनी सांगितलेल्या राणीच्या परिवारात हा लघुग्रह बसतोही आणि अधिकृत समर्थनानुसार बसत नाहीही. नोंदीत दोन्ही बाजू लिहाव्यात.

सूची लावताना हा क्रमांक शीर्षशब्दाचा भाग म्हणून जरूर छापावा, पण क्रमवारीसाठी तो विचारात घेऊ नये. अन्यथा 12 व्हिक्टोरिया ही नोंद 'व'ऐवजी अंकांच्या ढिगात जाऊन बसेल आणि सरोवर-धबधब्यांच्या शेजारी ती शोधणाऱ्या विद्यार्थ्याला सापडणारच नाही.