'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आजच्या मुलांना दाखवावा का? साठी उलटलेल्या हेरपटात अजून काय शिल्लक आहे?

पर्वरीचा प्रेक्षक

आमच्या वाचनालयाच्या फिल्म क्लबात दर महिन्याला एक जुना सिनेमा लावतात. या खेपेस हेरपट घ्यायचं ठरलंय आणि बहुतेकांचा कौल हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ला (१९५९) आहे. पण निम्मे प्रेक्षक कॉलेजातले. सिनेमा १३६ मिनिटांचा. "ज्याची नक्कल सगळ्यांनी करून झाली, तो बघून पोरांना नवीन काय मिळणार?" हा एका जुन्या सभासदाचा सवाल, आणि तो अगदीच चुकीचा आहे असंही नाही. 'क्लासिक आहे म्हणून' हे उत्तर मला द्यायचं नाही. नेमकं काय टिकलंय, काय शिळं झालंय, नंतरच्या चर्चेला कुठले प्रसंग घ्यावेत?

शिवाय हॉलवर पत्रे आहेत आणि खेळ जुलैत, दुपारी चारला. प्रोजेक्टर साधा, स्पीकर दोन. त्याबद्दलही सांगा.

तिसरी घंटा

जत्रेतल्या रात्री फार्स बघत वाढलेल्या गोंयकाराला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. मुळात फार्सच आहे, फक्त दारं उघडण्या-मिटण्याऐवजी रेल्वे, विमानं आणि सुऱ्या आहेत. जाहिरातवाला रॉजर थॉर्नहिल हॉटेलात बसलाय. 'जॉर्ज कॅपलन' अशी हाक मारत पोऱ्या फिरतोय, आणि नेमक्या त्याच क्षणी आईला तार करायची म्हणून थॉर्नहिल त्या पोऱ्याला बोलावतो. बघणाऱ्या गुंडांना वाटतं, हाच कॅपलन. एक हात वर गेला आणि पुढचे दोन तास निघाले.

आता खरी गोम. साधारण चाळीस मिनिटं झाल्यावर कॅमेरा वॉशिंग्टनला हेरखात्याच्या बैठकीत जातो आणि आपल्याला सरळ सांगून टाकतो, की कॅपलन नावाचा माणूसच नाही. आपला खरा हेर शत्रूच्या गोटात आहे, त्याच्यावर संशय जाऊ नये म्हणून उभं केलेलं ते बुजगावणं. हॉटेलात खोल्या, कपाटात कपडे, माणूस मात्र नाही. आजचा पटकथाकार हे रहस्य शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवेल. लेखक अर्नेस्ट लेहमन आणि हिचकॉक ते पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच उधळून टाकतात. का? कारण आता 'कॅपलन कोण?' हा प्रश्न मिटतो आणि 'याला कोण सांगणार?' हा सुरू होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदाच धक्का देतं. दुसरा प्रश्न तिसऱ्यांदा बघतानाही तेवढाच छळतो, आणि सिनेमा जुना होत नाही तो इथे.

हीच चाल पुढे पुन्हा. आगगाडीत भेटलेली ईव्ह नावाची तरुणी त्याला लपवते, जेवताना गोड बोलते. मग तिची चिठ्ठी पोर्टरच्या हातून दुसऱ्या डब्यातल्या खलनायकाकडे जाते: सकाळी याचं काय करू? आपल्याला कळलं, त्याला नाही. नंतर ती खरं कुणाची माणूस आहे हे मात्र आपल्यालाही उशिरा कळतं. म्हणजे प्रेक्षक कधी नायकाच्या पुढे, कधी बरोबरीने, कधी दोन पावलं मागे. हे अंतर कुठे कुठे बदलतं, एवढंच मुलांना कागदावर टिपायला सांगा. अर्ध्या तासाची चर्चा त्यातूनच निघेल.

एक बारीक गंमत दाखवाच. विमानतळावर हेरखात्याचे प्रमुख 'प्रोफेसर' थॉर्नहिलला कॅपलनची सगळी भानगड समजावून सांगतात तेव्हा इंजिनाच्या घरघरीत त्यांचे शब्द बुडतात. आवाज बिघडला असं समजून कुणी उठेल, त्याला बसवा. आपल्याला जे आधीच ठाऊक आहे तेवढंच बुडवलंय. नवी माहिती यायच्या वेळी आवाज बरोबर मोकळा होतो.

रीळवाला

शेताचा प्रसंग सगळेच दाखवतात, पण 'विमान मागे लागतं तो सीन' म्हणून दाखवतात. विमान त्यात उशिराच येतं. आधी काय होतं ते बघा.

उंचावरून एक लांब दृश्य: सपाट जमीन, सरळ रस्ता, बस थांबते, एक माणूस उतरतो, बस जाते. इथे मुलांना विचारा, लपायला जागा कुठे आहे? कुठेच नाही. कडेला सुकं मक्याचं शेत आहे तेवढंच, आणि तेही आत्ताच दाखवून ठेवलंय. मग गाड्या येतात, धूळ उडवून निघून जातात. समोरच्या मातीच्या वाटेने एक मोटार एका माणसाला सोडून जाते. दोघे रस्त्याच्या दोन बाजूंना, मध्ये रिकामं डांबर. आपल्याला वाटतं, हाच मारेकरी. तो फक्त बसची वाट बघतोय. बसमध्ये चढण्यापूर्वी सहज बोलून जातो, पीक नाही तिथे ते विमान फवारणी करतंय, नवलच आहे. एवढा वेळ ते विमान क्षितिजावर बारीकसं घोंघावतच होतं. धोका डोळ्यांसमोर होता, आपण भलतीकडे बघत होतो.

अंधारी गल्ली, दिव्याखाली उभा माणूस, ओली फरशी असा ठरलेला मामला नको, म्हणून हिचकॉकने मुद्दाम भर दुपार आणि मोकळं रान घेतलं. कथेत हे इंडियाना आहे, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वास्कोजवळ झालं (आपल्या वास्कोशी संबंध नाही). थॉर्नहिल झालेला कॅरी ग्रँट जमिनीवर झोकून देतो ती जवळची दृश्यं मात्र स्टुडिओत, मागे पडद्यावर विमानाचं चित्रण सोडून घेतलीत. नीट बघितलं तर प्रकाश जुळत नाही. तरी खटकत नाही, कारण विमान कुठून येतंय आणि तो कुठे पळतोय हा नकाशा आपल्या डोक्यात आधीच पक्का बसलेला असतो. आजच्या पाठलागांत तुकडे जास्त आणि नकाशा गायब, म्हणून चाळीस गाड्या उलटल्या तरी जीव वरखाली होत नाही.

आणि संगीत! बर्नार्ड हरमनने शीर्षकांना एवढा दणदणीत फांदांगो (स्पॅनिश नाचाचा ठेका) दिला, पण इथे मिनिटांमागून मिनिटं वाद्य नाही. बसचं इंजिन, वारा, बूट, प्रोपेलर. वाद्यवृंद उसळतो तो विमान टँकरवर आदळल्यावरच.

अंत्रुजी

जरा कौतुक थांबवू या. एका साध्या माणसाला मारायला विमान कशाला? मोटारीतून गोळी घातली असती तर काम दोन मिनिटांत संपलं असतं. प्रश्न मुलं विचारणारच, तेव्हा यजमानाने सावरासावर करू नये. कथानकाला भोकं आहेत. खलनायक कुठली गुपितं विकतो हेही सिनेमा कधी धड सांगत नाही. मूर्तीच्या पोटात मायक्रोफिल्म आहे, बस्स. चालतं, कारण ती गुपितं शीतयुद्धातल्या एखाद्या खऱ्या क्षेपणास्त्राची असती तर आज तळटीप द्यावी लागली असती.

शिळं काय झालं? अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या रशमोर डोंगरावरच्या चढाईत स्टुडिओचा दगड ओळखू येतो. त्या राष्ट्रीय स्मारकाच्या चेहऱ्यांवर मारामारी घ्यायला परवानगी नव्हती, त्यामुळे सेट उभारावा लागला. खलनायकाचं ते देखणं घरही खरं नाही, थोडा सेट, थोडं रंगवलेलं चित्र. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत शूटिंगला मनाई होती. ग्रँट आत शिरतो ते दृश्य समोर उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा लपवून चोरून घेतलंय. चोरलेलं ते एक दृश्य आजही ताजं, सेटवरचं मात्र पिवळं पडलेलं. आणि नायकाची आई झालेली जेसी रॉइस लँडिस ग्रँटपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी! आपल्याकडच्या सिनेमाला हसणाऱ्यांना हे जरूर सांगा.

कॅफेटेरियात ईव्ह थॉर्नहिलवर पिस्तूल झाडते तेव्हा मागच्या टेबलावरच्या मुलाकडे बघा. बार व्हायच्या आधीच त्याने कानात बोटं घातलीत. खेळाआधी सांगू नका, नाहीतर सगळे त्या पोराकडेच बघत बसतील.

तिसरी घंटा

भोकं आहेत हे मान्य. पण वस्तूंचा हिशेब बघा, तिथे एक पैसाही उधार नाही. डायनिंग कारमध्ये थॉर्नहिल स्वतःच्या आद्याक्षरांची काडेपेटी दाखवतो, आर-ओ-टी, आणि मधला 'ओ' कशाचाच नाही असं हसून सांगतो. विनोद झाला, आपण विसरलो. शेवटाकडे खलनायकाच्या घरात ईव्हला सावध करायचंय, हाक मारता येत नाही, तेव्हा तीच काडेपेटी वरून खाली टाकली जाते. कॅफेटेरियातल्या पिस्तुलाचंही तसंच. त्यात खोटी काडतुसं होती हे खलनायकाचा हस्तक त्याच्यावरच बार करून सिद्ध करतो, आणि मग मोलकरीण तेच पिस्तूल रोखून नायकाला अडवून धरते. त्याला उमगेपर्यंत मौल्यवान मिनिटं जातात. एक वस्तू, तीन कामं. पटकथा शिकणाऱ्यांना मी शेतापेक्षा हे आधी दाखवायला सांगेन.

झुआरीपार

गोव्यात हेरपटाचा विषय निघाला आणि अजून कुणी 'द सी वुल्व्ज'चं (१९८०) नाव काढलं नाही? मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' हे जर्मन जहाज अडकून पडलेलं होतं. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिश सैन्याला उघड हात घालता येत नव्हता. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव पलटणीचे पोट सुटलेले, वय झालेले गडी 'फीबी' नावाच्या बार्जमधून आले आणि रात्री जहाजावर चढले. ही घटना खरी. सिनेमाचं चित्रीकरणही गोव्यात झालं. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. निव्हनची सत्तरी जवळ आली होती, पण इथे वय शोभतं, पात्रंच तशी आहेत.

तरी आपल्या बंदरावरचा हा सिनेमा दुसऱ्यांदा बघताना मी म्हणेन गोव्यासाठी बघतात, हेरासाठी नाही. का? सगळं उघडपणे ठरतं, मग ठरल्याप्रमाणे घडतं. प्रेक्षक टोळीच्या बरोबरीनेच चालतो, वरच्या प्रतिसादातलं ते पुढे-मागे होणं जवळपास नाही. मूरच्या वाट्याचं प्रेमप्रकरण तर वरून चिकटवलेलं. आणि गोंयकार त्यात बहुतेक मागे उभे राहण्यापुरते. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत लावले तर तुलना फार बोलकी होईल. दुसऱ्याला गर्दीही जमेल, वास्कोहून तर नक्कीच.

रीळवाला

आता हॉलचं. जुलैत पत्र्याखाली हा खेळ लावू नका, स्पष्ट सांगतो. एक सर आली की शेतातली ती शांतता संपली, आणि आवाज वाढवून ती परत येत नाही. उलट टँकर फुटताना स्पीकर फाटेल. नोव्हेंबरात घ्या. पंखे बंद ठेवता येतील असे दिवस निवडा.

वेळही बदला. चारला सुरू केलात तर सव्वासहाला संपेल, म्हणजे पूर्ण खेळ उजेडात. रशमोरचा शेवट रात्रीचा आहे, काळोख आणि करडा दगड. खिडकीतून उजेड आला तर काही दिसणार नाही. काळोख पूर्ण असेल तर १० फूट रुंद पडद्याला (उंची साधारण साडेपाच फूट) प्रत्यक्ष ९०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. खोक्यावर ३००० लिहिलेला प्रोजेक्टर सिनेमा मोडवर बराच कमी देतो, तरी भागेल.

आवाज: सिनेमा मुळात मोनो. डिस्कवर पाच-पॉइंट-एकचा (सहा स्पीकरांसाठीचा) ट्रॅक असतो आणि त्यात संवाद मधल्या चॅनेलवर. तुमच्याकडे मधला स्पीकर नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स (सगळा आवाज दोन स्पीकरांत आणणं) किंवा पीसीएम निवडा, नाहीतर संगीत धो धो आणि बोलणं गायब, आणि सगळे ऑपरेटरवर ओरडणार. पातळी डायनिंग कारमधल्या हळू संवादांवर लावा, मग टँकरचा स्फोट वाजवून बघा.

चित्र: टीव्ही वापरणार असाल तर मोशन स्मूदिंग (टीव्ही हालचाल आपणहून गुळगुळीत करतो ते) बंदच करा, नाहीतर ग्रँट मालिकेतला नट वाटतो. सिनेमा व्हिस्टाव्हिजनवर, म्हणजे फिल्म आडवी चालवून मोठ्या फ्रेमवर घेतलाय, त्यामुळे चांगली प्रत फार स्वच्छ दिसते. २०२४ साली फोर-के प्रत आली, ती मिळाली तर उत्तम. सुरुवातीला एमजीएम कंपनीचा सिंह हिरव्या पार्श्वभूमीवर दिसेल. रंग बिघडलेला नाही, सॉल बासच्या शीर्षकांसाठी तसा ठेवलाय.

आणि परवानगी. डिस्क विकत घेतली म्हणून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, तिकीट नसलं तरी. ओटीटीचं घरगुती खातं तर अजिबात चालत नाही. हक्कदाराकडून लेखी घ्या, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाला.

पर्वरीचा प्रेक्षक

रीळवालेबाब, तिसरी घंटा, अंत्रुजी, झुआरीपार, मनापासून आभार. नोव्हेंबर, संध्याकाळी सात, असं सभेत मांडतो. डिसेंबरात 'सी वुल्व्ज'. एकच राहिलं: आमच्याकडे मध्यंतर लागतं, चहावाला ठरलेला आहे. तोडायचं कुठे?

तिसरी घंटा

शेताच्या आधी तोडू नका, काही झालं तरी. शिकागोच्या स्टेशनवर ईव्ह फोनवर पत्ता लिहून घेते आणि पलीकडच्या बूथमध्ये कोण बोलतंय ते आपण बघतो. तिथून बसपर्यंत तो ताण सलग जायला हवा. स्फोटानंतर बघ्यांची गर्दी होते, थॉर्नहिल कुणाचातरी पिकअप घेऊन पळतो आणि मागे फ्रीज हिंदकळत असतो. सिनेमाचा साधारण सव्वा तास झालेला असतो. तिथे दिवे लावा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, पुढचा भाग हॉटेलातल्या एका अवघडलेल्या भेटीने सुरू होतो आणि तिची पहिली दोन वाक्यं चुकवून चालणार नाहीत.