सोसायटी ग्रुप : जर्मनीतली युनिव्हर्सिटी निवडताना

वर्षा काकू (बी-४०२): नमस्कार मंडळी. पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.२. जर्मनीत एमएस करायचंय. एजंटने पाच नावं दिलीत, पैसे घेत नाही म्हणतो. यादी कशी तपासायची?

समीर (डी-१०४): काकू, आधी पाचांतली सरकारी किती ते बघा. एजंटला कमिशन मिळतं ते खासगीकडून, म्हणून फुकटच्या यादीत तीच नावं वर येतात. सरकारीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. मोठे अपवाद दोन: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य (स्टुटगार्ट, कार्ल्सरूह तिथलीच), सेमिस्टरला १५०० युरो, आणि टीयू (टेक्निकल युनिव्हर्सिटी) म्युनिक, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० किंवा ६०००.

वर्षा काकू: तीन खासगी निघाली रे! उरलेल्या दोन रँकिंगवर ठरवू का?

मंजिरीताई (ए-७०१): वर्षाताई, रँकिंग राहू द्या. अर्ज अडतो तो विषय जुळत नाहीत म्हणून. कोर्सच्या पानावर प्रवेशाच्या नियमांची पीडीएफ असते. गणित किती ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), मेकॅनिक्स किती, थर्मो किती, हे बऱ्याच कोर्सेसच्या पीडीएफमध्ये स्पष्ट दिलेलं असतं. त्यांचं एक वर्ष ६० ईसीटीएसचं, म्हणजे आपली चार वर्षं २४०. समजा डिग्रीचे एकूण क्रेडिट १७०, तर आपला एक क्रेडिट साधारण १.४. गणिताचे १२ क्रेडिट झाले १७. कोर्सला २० हवे असतील तर नाव कितीही मोठं असो, ते यादीतून काढा. मार्कशीट शेजारी ठेवून प्रत्येक कोर्सचा असा तक्ता करायला लावा. सगळ्या विषयांचा सिलॅबसही एका पीडीएफमध्ये जोडून ठेवा, तो बऱ्याच ठिकाणी मागतात.

मंजिरीताई: आता ७.२ चं. तिकडे ग्रेडमध्ये १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. १० मधून ७.२ वजा केले की २.८. त्याला (१० वजा पासिंगचा ग्रेड पॉइंट) ने भागायचं, ३ ने गुणायचं, १ मिळवायचा. पासिंग ४ धरलं तर २.४ येतात, ५ धरलं तर जवळपास २.७. अनेक कोर्सेसची अट २.५ ची असते! म्हणून ट्रान्सक्रिप्टवर किमान उत्तीर्ण ग्रेड स्पष्ट छापलेला हवा. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र आत्ताच घ्या.

समीर: एपीएस, म्हणजे आपली डिग्रीची कागदपत्रं तपासून मिळणारं सर्टिफिकेट, विसरू नका काकू. १८,००० रुपये. ते सर्टिफिकेट नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि यायला काही आठवडे लागतात. युनि-असिस्टमधून (अनेक विद्यापीठांचे अर्ज घेऊन छाननी करणारी संस्था) अर्ज असेल तर पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. तिथेही छाननीला महिना-दीड महिना धरा. विंटर सेमिस्टरसाठी १५ जुलै ही तारीख सगळीकडे ऐकू येते, पण परदेशी डिग्रीवाल्यांची मुदत अनेक ठिकाणी मार्च ते मेमध्येच संपते. तारीख कोर्सच्या पानावरूनच घ्या.

वर्षा काकू: आणि ते ब्लॉक्ड अकाउंट?

समीर: व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच त्या खात्यात भरून दाखवायचा, सध्या ११,९०४ युरो. दरमहा ९९२ च काढता येतात. म्युनिकमध्ये खोलीच त्यातला मोठा घास घेते. केम्निट्झ, मागडेबुर्गसारख्या शहरांत तेवढ्यात महिना निघतो. अभियांत्रिकीला ती विद्यापीठं चांगली आहेत, नाव ओळखीचं नाही म्हणून सोडू नका.

मंजिरीताई: डीएएडीच्या (जर्मनीची विद्यार्थी देवाणघेवाणीची संस्था) साइटवर कोर्स शोधताना शिकवण्याची भाषा बघा. ‘इंग्रजी व जर्मन’ असं असेल तर काही पेपर जर्मनमध्ये असतात, जर्मनची बी-२ पातळी लागू शकते. वर्षाताई, त्या दोन कोर्सेसच्या पीडीएफ इथे टाका, गणिताचे क्रेडिट आधी मोजू.