'लपवण्यासारखं काही नसेल तर...' म्हणणाऱ्यांसाठी

फणसगरे
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, 'सरळमार्गी माणसाचा फोन सरकारने ऐकला तर बिघडलं काय?' वाचून झोप उडाली. 1996 साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फोनवरचं बोलणं खासगीच ठरवलं. पुढे टेलिग्राफ कायद्याखाली 419अ नियम आला, 2024 मध्ये त्याच्या जागी नवे नियम आले, पण चौकट तीच: फोन ऐकायला गृहसचिवाची सही, 60 दिवस मुदत, ताणून 180. राज्यात ती सही तपासणार कोण, तर मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव! न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला कोणी कळवतही नाही. काँग्रेसच्या नाना पटोल्यांनी तर विधानसभेत सांगितलं होतं, त्यांचा नंबर 'अमजद खान' नावाने ऐकला म्हणून.

घाटावरचा
त्या प्रकरणात पोलीस अधिकारी रश्मी शुक्लांवर नोंदवलेला गुन्हा हायकोर्टाने 2023 मध्ये रद्द केला, ते सोयीस्कर विसरलात. 26/11 ला पलीकडून हुकूम सोडणाऱ्यांचं बोलणं ऐकलं नसतं, तर सूत्रधार कुठे बसलेत ते कळलं असतं का? तेव्हा न्यायाधीशांना झोपेतून उठवायचं होतं?

फणसगरे
तातडीची सोय नियमातच आहे: आधी ऐका, सही कामाच्या सात दिवसांत घ्या. वाचत जा जरा.

काळा_कोट
दोघांनीही वाचा. लाचेच्या तपासात सीबीआयला मिळालेले टॅपिंगचे तीन आदेश मुंबई हायकोर्टाने 2019 मध्ये रद्द केले. कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच नव्हता.

घाटावरचा
म्हणजे लाचखोराची चांदी. वा!

बोर्डवाले काका
मी 1981 ला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडायच्या बोर्डवर होतो. ट्रंक कॉल जोडला की लाइन लागली का ते ऐकावंच लागे. तालुक्यातली सोयरीक मुलीच्या बापाआधी आम्हाला कळायची. आता सरकार कशाला, घरातच टॅपिंग आहे. आमच्या सूनबाईंच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. आमच्या हिचं आमरसावरून झालेलं भांडण त्यांनी सगळ्या नणंदांना ऐकवलं.

चिंचगूळ
सूनबाईंनी बरोबरच केलं! मी रेकॉर्ड केलं नसतं तर 'मी असं बोललेच नाही' हे वर्षभर ऐकलं असतं.

काळा_कोट
नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या खटल्यात चालतं. जुलै 2025, सुप्रीम कोर्ट.

फणसगरे
अहो, विषय सरकारचा चाललाय!

चिंचगूळ
तुम्हाला सासूबाई नाहीत वाटतं. गृहसचिवाला माझ्या फोनमध्ये काय मिळणार? गॅस संपला आणि दळण आणा. माझं बोलणं भावकीत फिरवलं तेव्हा मात्र चार महिने माहेरी जाता आलं नाही. तेव्हा कुठलं कलम होतं?

घाटावरचा
ताईंशी सहमत. आधी घरच्यांचे फोन तपासा.

फणसगरे
घरचे अटक करत नाहीत हो!

चिंचगूळ
आमच्याकडे या एकदा.

घाटावरचा
बरं, सचिवाची सही सचिवानेच तपासायची हे मलाही पटत नाही. झालं समाधान? 26/11 बद्दलचा शब्द मागे घेणार नाही.

फणसगरे
उपकार झाले.

चिंचगूळ
काका, आमरसावरून नक्की काय बोलल्या काकू?

बोर्डवाले काका
ते नाही सांगणार. बोर्डवर ऐकलेलंसुद्धा कधी बाहेर सांगितलं नाही.

चिंचगूळ
मग सूनबाईंचा नंबर द्या.