आंबोलीत रात्री दिसलेला साप: मांजऱ्या की चापडा?

प्रश्न: काल रात्री आंबोलीत, भर पावसात, कारवीच्या फांदीवर वेटोळं घातलेला वीतभर साप दिसला. तपकिरी, गडद ठिपके, डोळ्याची बाहुली उभी. मांजऱ्याच ना? पंधरा मिनिटं उभी होते, जागचा हलला नाही. पाठीवर पाण्याचे थेंब तसेच.

उत्तर: उभी बाहुली दोघांनाही असते, तिच्यावर जाऊ नका. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये खड्डा दिसतोय?

प्रश्नकर्ती: फोटो मोठा करून पाहिला. आहे! टाचणीच्या डोक्याएवढा.

उत्तर: मग मलबारी चापडा, पिल्लू असणार. हिरव्या, पिवळ्या, तपकिरी रंगांत सापडतो, म्हणून फसायला होतं. त्या खड्ड्याने तो भक्ष्याची ऊब हेरतो.

आणखी एक: विषारी आहे, कृपा करून जवळ जाऊ नका. आपलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठीच बनतं.